मॉरिशसची मेट्रो एक्स्प्रेस: गाडी उत्तम, पण निम्म्याहून जास्त बेट अजून बसवरच

मॉरिशसला जाणारा मराठी प्रवासी बहुतेक वेळा टॅक्सीचं पॅकेज घेतो आणि मेट्रो लांबूनच बघतो. हे चुकीचं आहे. राजधानी पोर्ट लुई ते पठारावरचं क्युरपीप या पट्ट्यात कुठेही जायचं असेल तर मेट्रो एक्स्प्रेस ही बेटावरची सर्वांत भरवशाची, थंडगार आणि स्वस्त सोय आहे. मात्र ती कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, हे निघण्याआधी नीट कळलं पाहिजे. तिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी गाडीतल्या नाहीत, गाडीतून उतरल्यानंतरच्या आहेत.

आधी जागेचा अंदाज घेऊ. मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं, सगळ्या देशाची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. मधोमध ज्वालामुखीतून घडलेलं पठार आहे आणि किनाऱ्याकडे उतरत जाणारी जमीन पिढ्यान्‌पिढ्या उसाखाली राहिली. एकोणिसाव्या शतकात बंदरातल्या मलेरियाला कंटाळून लोक पठारावर सरकले आणि रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा, क्युरपीप ही गावं एकमेकांना चिकटत गेली. आज प्लेन विलेम्स नावाच्या त्या जिल्ह्यात साडेतीन लाखांहून जास्त माणसं राहतात. पण सरकारी कचेऱ्या, बँका आणि बंदर खाली पोर्ट लुईला आहे, आणि त्या शहराच्या एका अंगाला समुद्र तर दुसऱ्या अंगाला ल पूस (812 मीटर) आणि त्याच्या रांगेतले डोंगर. पठारावरून येणारी सगळी वाहतूक एका चिंचोळ्या तोंडातून आत शिरते. सकाळी एम-1 हा महामार्ग तुंबतो तो याच कारणाने. त्याला आणखी पदर जोडून फार उपयोग नव्हता, कारण पुढे शहरात गाड्या मावायला जागाच नाही.

म्हणून मार्गाची निवड अचूक आहे, हे आधी मान्य करायला हवं. या वाटेवर पूर्वीही रेल्वे होतीच. मॉरिशसमध्ये 1864 मध्ये आगगाडी सुरू झाली, 1956 मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या आणि 1964 मध्ये मालगाड्याही. रूळ उखडले गेले, पण जुन्या मार्गाची जमीन बऱ्याच ठिकाणी सरकारकडे राहिली होती, आणि नव्या मार्गाचा काही भाग त्याच जमिनीवरून जातो. दाट वस्तीच्या लहान देशात नव्याने जमीन मिळवणं हे रूळ टाकण्यापेक्षा अवघड काम असतं. जिथे जुना पट्टा मिळाला नाही तिथे घरं पाडावी लागली, आणि त्याचा कडवटपणा त्या वस्त्यांत अजून आहे.

बांधणीत भारताचा वाटा मोठा आहे. 2016 मध्ये भारताने मॉरिशसला 35 कोटी 30 लाख डॉलरचं मदतीचं पॅकेज दिलं, त्यातले 27 कोटी 50 लाख डॉलर मेट्रोसाठी. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोला 2017 मध्ये काम मिळालं. ठेक्याची रक्कम 1,880 कोटी मॉरिशस रुपये होती, आपल्या रुपयांत तेव्हा 3,375 कोटी. म्हणजे जवळपास निम्मा खर्च अनुदानातून निघाला. रोझ हिल ते पोर्ट लुई या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन ऑक्टोबर 2019 मध्ये झालं. मार्ग 2021 मध्ये कात्र बोर्नपर्यंत आणि 2022 मध्ये फिनिक्स व पुढे क्युरपीपपर्यंत गेला. रोझ हिलहून एबेनमार्गे रेदुईला जाणारी शाखा जानेवारी 2023 मध्ये उघडली. 26 किलोमीटरची मुख्य वाट, डोंगरउतार, मध्येच आलेली कोविडची टाळेबंदी, हे सगळं धरलं तर पाच वर्षांत क्युरपीप गाठणं हे चोख काम आहे.

आता प्रत्यक्ष गाडी. नाव मेट्रो असलं तरी मुंबई-पुण्याची मेट्रो डोळ्यांसमोर आणू नका. ही ट्राम जातीची हलकी रेल्वे आहे. स्पेनच्या काफ कंपनीच्या 18 गाड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर लांब, सात भागांची, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून सलग. तळ पूर्ण लांबीत खाली असल्याने फलाटावरून पायरी न चढता आत जाता येतं. चाकांची खुर्ची, बाबागाडी किंवा चाकांची बॅग असणाऱ्याला बेटावर यापेक्षा सोपं वाहन नाही, कारण इथल्या बसच्या पायऱ्या उंच आणि दारं अरुंद असतात. वीज डोक्यावरच्या तारेतून 750 व्होल्टची, कमाल वेग ताशी 80 किलोमीटर. समुद्रसपाटीपासून क्युरपीपच्या साधारण 550 मीटर उंचीपर्यंत गाडी 26 किलोमीटरमध्ये चढते, म्हणजे सरासरी दर शंभर मीटरला दोन मीटरहून थोडी जास्त चढण. ओल्या रुळांवर ही चढण सोपी नसते, पण आत बसलेल्याला ती फारशी जाणवत नाही. चालकांचा हात सफाईदार आहे, धक्के कमी बसतात.

पूर्ण प्रवासाला 40 ते 45 मिनिटं लागतात. दुपारी मोकळ्या रस्त्यावर मोटार यापेक्षा लवकर पोचते, हे खरं. पण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळांत मोटारीला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मेट्रोचा वेळ ठरलेला असतो. कचेरीत पोचायची वेळ पाळायची असेल तर ही खात्री वेगापेक्षा मोलाची आहे.

वेळ जातो तो शहरांच्या मधल्या भागात. कात्र बोर्नला रूळ गावाच्या मुख्य रस्त्यातच, मोटारींच्या शेजारून जातात, आणि ठिकठिकाणी रस्ते रुळांना छेदतात. तिथे गाडी हळू होते. एखादी मोटार सिग्नल तोडून रुळात अडकली की मागच्या गाड्याही खोळंबतात, कारण ट्रामला बाजूने वळसा घालता येत नाही. उंचावरून मार्ग नेला असता तर हे टळलं असतं, पण खर्च कितीतरी वाढला असता. साडेबारा लाखांच्या देशासाठी जमिनीवरची ट्राम हाच परवडणारा पर्याय होता, असं माझं ठाम मत आहे.

तिकिटासाठी स्टेशनवर यंत्रं आहेत. एकदाच जायचं असेल तर सुटं तिकीट काढा, दोन-तीन दिवस वापर होणार असेल तर एमईकार्ड घेऊन त्यात पैसे भरा. मोठी नोट घेऊन यंत्रासमोर उभं राहू नका, लहान नोटा जवळ ठेवा. भाडं मुद्दाम बसच्या आसपास ठेवलेलं आहे. स्थानिक विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांना प्रवास मोफत आहे. बसमध्ये ही सवलत 2005 पासून होती, ती मेट्रोलाही लागू झाली. परदेशी ज्येष्ठांनी ती गृहीत धरू नये.

याच सवलतीतून मेट्रोचं सर्वांत मोठं दुखणं निघतं. भाडं बसइतकं, प्रवाशांचा मोठा हिस्सा मोफत, आणि गाड्यांचे सुटे भाग युरोपातून परकीय चलनात. तिकिटाच्या पैशातून हा संसार चालत नाही, सरकारी तिजोरीला हात द्यावा लागतो. विजेचंही तसंच. ऊसतोडणीच्या हंगामात साखर कारखाने चिपाडं जाळून वीज देतात, पण वर्षभराचा मोठा भार आयात कोळशावर आणि जड तेलावर आहे. म्हणजे रस्त्यावरची मोटार कमी झाली तरी इंधनाचं आयात बिल पूर्ण सुटत नाही. साखर, कपडे, पर्यटन आणि वित्तसेवा यांवर जगणाऱ्या देशाला डॉलर महागला की प्रत्येक आयात वस्तू टोचते. यावर भाडेवाढ हा उपाय मला पटत नाही. भाडं वाढलं तर माणसं पुन्हा मोटारीकडे वळतील आणि एवढा खर्च वाया जाईल. सवलतीचे पैसे सरकारने दरवर्षी उघडपणे अर्थसंकल्पात दाखवून वेळेवर द्यावेत, तो मेट्रो कंपनीचा तोटा म्हणून मिरवू नये.

पावसाळ्याबद्दल प्रवाशाने गंभीर असावं. नोव्हेंबर ते मे हा चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जोराचा. इशारे चार वर्गांत येतात. पहिला वादळ येण्याच्या 36 ते 48 तास आधी, दुसरा आल्यावर शाळा बंद, तिसरा म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत काही तासांवर आलेत, आणि चौथा ते झोत सुरू झाल्यावर. तिसऱ्या वर्गात सार्वजनिक वाहतूक थांबते, मेट्रोही. दुसरा वर्ग लागला की परतीचा प्रवास लगेच करा, कारण तिसरा लागला की सगळ्या कचेऱ्या एकदम सुटतात. वादळ ओसरल्यावरही गाड्या लगेच धावत नाहीत. तारांवर पडलेल्या फांद्या आणि रुळांवर आलेली माती आधी काढावी लागते. पोर्ट लुईचा सखल भाग वादळाशिवायही बुडतो. 30 मार्च 2013 ला अचानक आलेल्या पुरात शहरात 11 माणसं गेली, आणि जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाच्या वेळी रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. डोंगरावरचं पाणी थोड्या वेळात खाली येतं आणि भरतीच्या वेळी त्याला समुद्रात वाट मिळत नाही. अशा दिवशी स्टेशनच्या छताखाली थांबणं शहाणपणाचं, भुयारी वाटेने किंवा कालव्याकाठाने चालत जाऊ नये.

साध्या दिवशीही छत्री न्या. क्युरपीपला पोर्ट लुईच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि हवा काही अंशांनी गार असते. खाली घामाने भिजलेला माणूस वर जाऊन कुडकुडतो.

पाहुण्याला मेट्रोवर एक पूर्ण दिवस छान काढता येतो. सकाळी पोर्ट लुईत मध्यवर्ती बाजार आणि आप्रवासी घाट. 1834 पासून करारबद्ध मजूर या देशात आणले गेले आणि ते जिथे उतरत ती ही जागा, 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुंबई बंदरातून आलेल्या कोकणच्या मजुरांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून ओळखले जातात, आणि गणेशचतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. ज्यांना हा धागा पुढे न्यायचा आहे त्यांनी रोझ हिलला गाडी बदलून रेदुई गाठावं. तिथून जवळ मोका भागात महात्मा गांधी संस्था आहे, जिथे मराठी शिकवलं जातं आणि मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, गाव, जहाज अशा तपशिलांच्या या नोंदी आहेत. त्या पाहायच्या असतील तर आधी संपर्क साधूनच जा. वाटेतलं एबेन हे कचेऱ्यांच्या उंच इमारतींचं नवं उपनगर, सुट्टीच्या दिवशी तिथे उतरण्यात अर्थ नाही. कात्र बोर्नचा कपड्यांचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. मात्र गुरुवारी दुपारनंतर पठारावरच्या गावांत बरीच दुकानं बंद होतात, हा तिथला जुना रिवाज आहे. क्युरपीपला उतरून त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचं मुख चढावाच्या रस्त्याने चालत गाठता येतं, ढग नसले तर तिथून पठाराचा मोठा भाग दिसतो.

आता जिथे मेट्रो कामाची नाही ते. ग्राँ बे आणि उत्तरेचे किनारे, पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाक, दक्षिणेचा ल मोर्न, गंगा तलाव, आणि विमानतळ, यातलं काहीही मार्गावर नाही. उत्तरेकडच्या बस पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअरहून सुटतात, दक्षिणेकडच्या शहरातल्याच व्हिक्टोरिया बसस्थानकाहून. दोन्हींच्या मध्ये साधारण एक किलोमीटर अंतर आहे, बॅगा असतील तर त्याची तयारी ठेवा. काही स्टेशनांहून जोडबस आहेत, पण गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर आटोपतात. मेट्रो चालू असते आणि पुढची बस गेलेली असते, ही या सेवेची सर्वांत खटकणारी बाजू आहे. रेदुईची शाखा पुढे सँ-पियेरकडे नेण्याची आखणी झाली होती, पण माझ्या मते नव्या रुळांआधी रात्री नऊपर्यंतच्या जोडबस हव्यात. त्याला रुळांच्या तुलनेत अगदी थोडा पैसा लागेल.

विमानतळ दक्षिण-पूर्वेला प्लेझाँसला आहे. तिथून क्युरपीपपर्यंत बसने येऊन पुढे मेट्रो घेता येते, पण बसमध्ये मोठ्या सामानाला जागा नसते आणि वाहक ते नाकारू शकतो. पाठीवरची एकच पिशवी असेल आणि विमान दिवसा उतरत असेल तर हा मार्ग धरा. कुटुंब आणि चार बॅगा असतील तर क्युरपीपपर्यंत टॅक्सी ठरवा आणि भाडं बसण्याआधीच बोलून घ्या.