हॉस्टेल मेसचं कम्पोस्ट मशीन: दहा महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात मशीनचा शाफ्ट पुन्हा अडकला. कारण तेच, खरकट्यासोबत आत गेलेला चमचा. सर्व्हिसवाला नऊ दिवसांनी आला आणि वॉरंटीत बसत नाही म्हणून हात झटकून गेला.

विद्यापीठातल्या दोन हॉस्टेलांचं उष्टं मी मेस समितीतर्फे बघतो. आपल्या ताटातलं नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोच्या ढिगात जाऊ नये म्हणून मशीनसाठी मीच भांडलो होतो. सुरुवातीला समाधान होतं. आज टाकलेला भात-वरण उद्या कोरडा तपकिरी चुरा होऊन बाहेर, वास नाही, माश्या नाहीत.

दिवाळीत तो चुरा कुंड्यांत घातला. पाणी लागताच पांढरी बुरशी आली, आंबूस वास सुटला, तुळस पिवळी पडली. २४ तासांत मशीन अन्न वाळवतं आणि बारीक करतं, एवढंच. कुजणं पुढे काही आठवडे चालतं, आणि त्यासाठी जागा लागतेच.

पण मला खरा सलतो तो भुसा. ओल शोषायला दर आठवड्याला आरागिरणीतून गोण्या विकत आणायच्या. भुशात कार्बन भरमसाट, लाकूड चिवट, लवकर कुजत नाही. आणि इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाचा, सागाचा पाचोळा आवारातच झाडून पेटवतात! पैसे देऊन भुसा आणायचा आणि फुकटचा पाचोळा जाळायचा, हे मला सहन होत नाही.

फेब्रुवारीत मशीन पहिल्यांदा बंद पडलं, तेव्हा नाइलाजाने विटांच्या हौदात थर लावले: एक पाटी खरकटं, त्यावर तीन पाट्या पाचोळा, मूठभर जुनं खत. तिसऱ्या दिवशी आत हात घालवेना, वाफ निघत होती. इथे माझं मत बदललं. पाचोळा कमी पडला तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा काडीकचरा) आणलं, तेही उत्तम चाललं.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक तापत्या दिवसांत, मात्र हौद रोज बघावा लागतो. वरचा थर दुपारपर्यंत कडकडीत वाळतो आणि कुजणं थांबतं. मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब निघतील इतकी ओल हवी. आम्ही संध्याकाळी पाणी शिंपडतो आणि ओलं पोतं झाकतो.

जागाच नसेल त्यांनी मशीन घ्यावं, पण खरकट्याच्या बादलीवर आधी जाळी बसवा. आम्ही दुरुस्तीचा वार्षिक करार यंदा केला नाही. त्या पैशांत आणखी दोन हौद बांधतोय, आणि माळीदादांना पाचोळ्यासाठी रिकाम्या गोण्या आत्ताच देऊन ठेवल्यात.