चित्रनगरीच्या नावाखाली बुडालेले ४,०९,५०० रुपये

मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यात कोणी मनोरंजनाच्या धंद्यासाठी दरमहा तीन टक्क्यांनी ठेवी मागत असेल, तर पैसे देण्यापूर्वी हे वाचावे.

आमच्याकडचा हा शेठ पूर्वी जत्रांना मंडप आणि लाऊडस्पीकर पुरवत असे. पुढे ऑर्केस्ट्रा, दशावताराच्या स्पर्धा, मुंबईहून आणलेल्या नट्या, उघडी जीप, बोटाबोटांत अंगठ्या असा त्याचा थाट वाढत गेला आणि किनाऱ्यावर चित्रनगरी उभारण्यासाठी त्याने ठेवी गोळा केल्या. मी निवृत्तीच्या रकमेतून ४,५०,००० रुपये दिले. प्रत्येकी १३,५०० रुपयांचे तीन हप्ते आले. नंतर छदामही नाही.

पहिला हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला, त्यात त्याच्या कंपनीचे नावच नव्हते. पैसे पाठवले होते देवबागला खानावळ चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बाईंनी. त्यांची ठेव त्याने परस्पर माझ्या खात्यात वळवली होती. सगळा डाव त्या एका ओळीत उघडा पडला होता. विचारताच खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “गुरुजी, पैसे खंय पळान जातत?” मेसेजमधली ती ओळ आजही डोळ्यांपुढून हलत नाही. मला लोभी ठरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्याच्या व्यासपीठावर पुढारी आणि अधिकारी हार घालून घेत होते. मग आम्ही कोणाकडे पाहून संशय घ्यायचा? पावती एकाची आणि खाते दुसऱ्याचे असेल, तर तिथूनच परत फिरा.

पोलीस ठाण्यात “हा दिवाणी वाद आहे” असे सांगून अर्ज परत केला. हे धादांत चूक आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. अनियंत्रित ठेवींवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे. बॅकस्ट्रीट बॉईज हा गायकांचा संच उभा करणाऱ्या लू पर्लमनने अमेरिकेत कागदावरच्या विमान कंपनीचे शेअर विकून असेच लोकांना लुबाडले. तो २००७ मध्ये इंडोनेशियात सापडला, २००८ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो कैदेतच मेला. आमच्याकडे मात्र साधा गुन्हा नोंदवायला ज्यांना हात उचलवत नाही, तेच साहेब त्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेले आम्ही पाहिले आहेत.

ठाण्याने नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा आणि पोच जपा. रोख रक्कम देऊ नका. मूळ पावत्याही कोणाच्या हाती देऊ नका. नव्या कराराचे निमित्त करून त्याची माणसे सध्या त्या गोळा करत फिरत आहेत.