झेब्राची जी-निब: रेघ सुरेख, पण कागद-शाई बघूनच घ्या

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढायला शिकताना फाइनलायनर (एकाच जाडीची रेघ देणारं पेन) घ्यावा की शाईत बुडवायचा टाक, या घोळात फार दिवस घालवू नका. चौकटी, इमारती, खिडक्या यांना फाइनलायनर पुरतो. चेहरा, केस, कपड्यांच्या चुण्या यांना मात्र जी-निबच, म्हणजे दाबाप्रमाणे फाकून रेघ जाड-बारीक करणारी टाकाची निबच हवी, आणि पहिली निब म्हणून झेब्रा या जपानी कंपनीचीच घ्यावी. निक्को या दुसऱ्या कंपनीची जी-निब जरा कडक असते, हात जड असणाऱ्यांना ती बरी. झेब्राची कमी दाबातही फाकते, त्यामुळे केसांची बट एकाच झटक्यात मुळाशी बारीक, मध्ये जाड आणि टोकाला दिसेनाशी होते. वरच्या पापणीची जाड कमान काढायला तर हिला तोड नाही.

नवी निब बुडवली की शाई तिच्यावर ठरत नाही, थेंब होऊन ओघळते. निब खराब नसते. गंज चढू नये म्हणून तिला तेलाचा हात दिलेला असतो. भांड्यांच्या साबणाने धुवा, टिश्यूने कोरडी करा, काम झालं. काही जण ती ज्योतीवर धरतात. जरा जास्त तापली तर पोलादाची लवचीकता जाते, मग ती निब फेकायचीच.

मधलं छिद्र झाकलं जाईल इतकीच बुडवा आणि जादा शाई दौतीच्या काठाला टेकवून काढा. रेघ स्वतःकडे ओढायची. पुढे ढकललीत तर टोकं कागदात रुततात आणि सुटताना शिंतोडे उडतात. वळणदार रेघेला मनगट पिळण्याऐवजी कागद फिरवा. खालचं पेन्सिल-काम एचबीने, हलक्या हाताने करा. शिशाचा जाड थर असला की त्यावर शाई धरत नाही. जाड रेघा वरून कोरड्या दिसल्या तरी आतून ओल्या असतात, खोडरबर घाईने फिरवलात तर काळा फराटा उठणारच.

झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते. खरखरीत कार्ट्रिज कागदाचे तंतू निबेत अडकतात आणि रेघेला मिशा फुटतात. सरावाला गुळगुळीत ब्रिस्टल (जाडसर चित्रकागद) उत्तम. पक्क्या पानासाठी डिलीटर कंपनीचा बी४ मांगा कागद (२५७ × ३६४ मिमी) घ्या. त्यावर आतली चौकट १८० × २७० आणि छाटणीची रेष २२० × ३१० मिमी अशी फिकट निळ्या रंगात छापलेली असते, आणि हा निळा छपाईत उमटत नाही. बी५ आकाराच्या मासिकात हे पान लहान होऊन सुमारे ८३ टक्क्यांवर येतं, म्हणून केसासारख्या बारीक रेघा मूळ चित्रातच किंचित जाड ठेवा, नाहीतर छापताना तुटतात.

शाई वॉटरप्रूफ हवी, वरून मार्कर फिरवायचा असेल तर आधी कोपऱ्यात चाचणी करा. मात्र ही शाई निबेवर वाळली की तिच्या टोकाची फट बुजते, त्यामुळे काम चालू असतानाही अधूनमधून निब ओल्या फडक्याने पुसत राहा.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात साध्या निबेला लवकर गंज चढतो आणि दमट कागदावर चांगली शाईही पसरते. तिथे राहत असाल तर टायटॅनियमचा थर दिलेली जी-निब घ्या. किंमत जास्त आहे, पण वसूल होते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा.

दाब न देताही रेघ जाड येऊ लागली की निब झिजली. ती टाकू नका, ठळक बाह्यरेषा आणि ‘धडाम’सारख्या आवाजांच्या मोठ्या अक्षरांना ती चालते. होल्डर (निब खोचायची मूठ) घेताना जी आणि मारू ही बारीक रेघांची निब, दोन्ही बसणारा घ्या, कारण मारूची दांडी बारीक नळीसारखी असते आणि जीच्या साध्या होल्डरमध्ये ती डुगडुगते.