गॅरेजवाला गाडीची मागची हाइट वाढवून देतो म्हणाला, 85,000 ला बुडवलं

एकूण 85,000 रुपये. कॉइलओव्हरच्या (हाइट कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या) सेटचे 72,000, फिटिंगचे 6,000 आणि मागची हाइट वाढवायचे दोनदा 3,500. घरी हा आकडा अजून सांगितलेला नाही.

गाडी पोलो. पुढचे कॉइलओव्हर बसवले तेव्हा मी समोर उभा होतो, आटे डोळ्यांनी पाहिले. मागचं काम सकाळी करतो म्हणून त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली. जुन्या स्प्रिंगा मागितल्या तर म्हणाला, भंगारात गेल्या. पुढे आई मागे बसली की प्रत्येक गतिरोधकावर टायर आतून खर्रकन घासायचं.

परत नेली. "साहेब, कॉलर फिरवून वीस मिलिमीटर वर घेऊ." कॉलर म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची आट्यांची कडी, ती फिरवली की हाइट बदलते. गाडी जॅकवरून उतरवल्या उतरवल्या त्याने चाकाच्या वर बोटं घातली. "बघा, चार बोटं. आधी तीन होती."

तिथेच, त्याच क्षणी मला कळायला हवं होतं! जॅकवरून उतरलेली गाडी चार हात पुढेमागे ढकलल्याशिवाय खाली बसत नाही. त्यात माझ्या डिकीतले वीस लिटरचे दोन पाण्याचे जार त्याच्या पोराने आधीच काढून भिंतीशी ठेवले होते. बोटं मोजून झाल्यावर ते चाळीस किलो मी स्वतः उचलून परत डिकीत ठेवले. माझ्याच हातांनी. घरी पोचेपर्यंत गाडी पुन्हा होती तितकीच खाली. तरी परत गेलो, परत 3,500 दिले. मी अडाणी नाही, बारा वर्षं गाडी चालवतोय. पण पुढचा माल खरा असताना मागे लबाडी असेल हे कुणाच्या मनात येतं? बोटांनी मोजू देऊ नका. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, आकडा लिहून ठेवा.

अलाइनमेंटवाल्याने लिफ्टवर घेऊन दाखवलं. मागे कॉलर नव्हतीच! कंपनीचीच स्प्रिंग दीड वेढा कापलेली, टोकाला ग्राइंडरचे ओरखडे, वरून निळा रंग. नखाने खरवडला तर खाली मूळचा काळा. पोलोला मागे शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळे असतात, हाइटची कॉलर स्प्रिंगच्या बैठकीत असते. ती फिरवायची तर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम (मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) खाली घ्यावा लागतो, स्प्रिंग सैल करावी लागते. माझ्या गाडीच्या त्या बोल्टवर चिखल जसाच्या तसा होता. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून सुटू शकते, आणि त्यावर मी आईला फिरवत होतो.

पोलीस चौकीत पहिल्यांदा उत्तर मिळालं, "दिवाणी मामला आहे." दुसऱ्यांदा भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लिहून नेलं, तर मलाच विचारलं, गाडीत असा बदल करायला परवानगी घेतली होती का? दोन तास बाकावर बसवलं. अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्यांदा गेलो तर अर्ज सापडेना! चोर मोकळा आणि उलटतपासणी माझी. कच्च्या बिलावर नुसतं 'सस्पेन्शन काम' लिहिलेलं, तेही माझ्यावरच उलटलं. पक्कं बिल घ्या, त्यावर पुढचे-मागचे भाग वेगळे लिहून घ्या.

आता ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार भरली आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं. कापलेल्या स्प्रिंगा पुरावा म्हणून पोत्यात बांधून ठेवल्यात. गाडी पार्किंगमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे.