‘सँक्शन’चा अर्धाच अर्थ सांगणारा खिशातला शब्दकोश

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात ‘सँक्शन’ हा शब्द इंग्रजी न शिकलेल्यांच्याही तोंडी आहे. खरिपापूर्वी पारावर ‘भाऊ, लोन सँक्शन झालं का?’ एवढेच विचारले जाते. पुतण्यासाठी घेतलेल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात या क्रियापदापुढे ‘मंजुरी देणे’ एवढेच छापले आहे. पीककर्जाच्या पत्रापुरते ते बरोबर आहे. परंतु २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने रशियावर घातलेल्या निर्बंधांची बातमी वाचताना त्याने कोशाच्या भरवशावर ‘रशियाला मंजुरी दिली’ असे भाषांतर केले, तेव्हा दोष त्याचा नव्हता.

विधिवत ठरवून देणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेल्या या शब्दात कायद्याची संमती आणि कायदा मोडल्यास होणारी शिक्षा, असे दोन्ही अर्थ नांदतात. क्रियापद म्हणून मंजुरीचा अर्थ जुना व रूढ, दंड करण्याचा तुलनेने नवा. अनेकवचनी नाम मात्र बहुधा निर्बंधच सुचवते. क्रियापदाला कर्म थेट लागते, मध्ये ‘फॉर’ येत नाही, हे दाखवणारे एक उदाहरणवाक्यही कोशात नाही.

अक्षरे ठसठशीत आहेत, उच्चारही देवनागरीत दिले आहेत. बांधणी मात्र वैशाखाच्या उन्हातच सुटली आणि ‘एस’ची पाने आता रबर लावून ठेवावी लागतात. दहावीपर्यंत हा कोश चालेल, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याने उदाहरणवाक्ये देणारा मोठा कोश घ्यावा.