ओहायो स्टेटचा स्प्रिंग गेम: कोलंबसला जाऊन बघावा का घरी टीव्हीवर?

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या (टोपणनाव बकाईज) स्प्रिंग गेमला कोलंबसला जाऊ का घरीच बघू, असं दर एप्रिलमध्ये कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी क्लीव्हलंडच्या बाजूला राहतो, म्हणजे आय-७१ ने कोलंबस दोन-सव्वादोन तास, त्यामुळे जाणं अगदी सहज नाही आणि अगदी अशक्यही नाही. काही वर्षं हा सामना मी टीव्हीवर बघितला, काही वर्षं स्टेडियममध्ये. तुम्हाला बकाईज माहीत आहेत, डाऊन्स-यार्ड्स (चार प्रयत्नांत, म्हणजे डाऊन्समध्ये, दहा यार्ड पुढे जायचं) कळतात असं धरून चालतो. आणि हेही धरून चालतो की ही आपल्याच टीमची आपसातली प्रॅक्टिस आहे, वसंतातल्या पंधरा प्रॅक्टिसमधली शेवटची, आणि स्कोअरबोर्डवर काय दिसलं याला काही अर्थ नसतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

आधी टीव्हीची बाजू, कारण ती खरंच कच्ची नाही. कोलंबसचा एप्रिल भरवशाचा नसतो, ऊन पडलेलं असतं आणि वरच्या डेकवर ओलेंटँजी नदीकडून असा वारा येतो की जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते. नाशिक-पुण्याहून आई-बाबा नुकतेच आले असतील, घरात लहान मूल असेल, तर त्यांना घेऊन तिथे तीन तास बसायचं म्हणजे निम्मा सामना गरम काहीतरी शोधण्यात जातो. घरी ते नाही. शिवाय नावांची मोठी सोय. स्प्रिंगमध्ये निम्मी पोरं नवीन, जानेवारीत हायस्कूलमधून किंवा ट्रान्सफर होऊन आलेली, एकाच नंबरचे दोन-दोन खेळाडू, एक ऑफेन्सला (हल्ल्याला) एक डिफेन्सला (बचावाला), आणि स्टेडियममध्ये हा कोण म्हणून फोनवर रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडेपर्यंत पुढचा स्नॅप (बॉल मागे देऊन खेळ सुरू होणं) झालेला असतो. टीव्हीवर कॉमेंटेटर नाव सांगून मोकळा होतो. कॅच झाला का नाही, पाय लाईनच्या आत होता का, हेही रिप्लेवर चांगलं कळतं. रिसीव्हर (पास झेलणारे) बघायला आवडत असतील तर टीव्हीवर फारसं काही हुकत नाही असं मी म्हणेन. त्यांच्यातल्या जेरेमाया स्मिथला बघायलाच जायचं म्हणत असाल तर जरा थांबा, असे मोठे खेळाडू स्प्रिंग गेममध्ये जपूनच वापरतात, त्याला मनसोक्त बघायचं तर हंगामातल्या सामन्याचं तिकीट काढावं.

वातावरणाच्या बाबतीतही अपेक्षा बेताची ठेवा. २०१६ च्या स्प्रिंग गेमला १,००,१८९ लोक आले होते, तो विक्रम होता, पण दरवर्षी तसं नसतं. बँडचं स्क्रिप्ट ओहायो (चालत चालत मैदानावर Ohio हा शब्द काढणं), i वरचा टिंब द्यायला ऐटीत येणारा तो सूझाफोनवाला (मोठं पितळी वाद्य वाजवणारा), लेन अ‍ॅव्हेन्यूवरची गर्दी, हे सगळं सप्टेंबर ते नोव्हेंबरचं. एप्रिलमध्ये लोक निवांत येतात, लहान पोरं पायऱ्यांवर खेळत असतात, दुसऱ्या हाफमध्ये घड्याळ बऱ्याचदा न थांबता पळवतात आणि पहिल्या फळीतले खेळाडू टोप्या घालून बाजूला उभे असतात. पहिल्यांदाच कोणाला कॉलेज फुटबॉल दाखवायला नेणार असाल आणि त्याने थक्क व्हावं अशी इच्छा असेल, तर ही वेळ नव्हे.

मग कोणासाठी आहे हा सामना? ज्याला ऑगस्टमध्ये ही टीम कशी असेल हे आत्ताच जाणून घ्यायचंय त्याच्यासाठी. आणि ते बघायचं असेल तर माझ्या मते टीव्ही तिथेच कमी पडतो.

२०२५ चंच घ्या, १२ एप्रिलचा सामना. जानेवारीत अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून नॅशनल चॅम्पियनशिप आलेली, सगळे खुशीत, आणि टीम मात्र जवळजवळ नवी बांधायची होती. क्वार्टरबॅक (पास फेकणारा, ऑफेन्स चालवणारा) विल हॉवर्ड गेलेला, त्याच्या जागेसाठी तिघं: ज्युलियन सेयिन, लिंकन कीनहोल्झ आणि बेलफाउंटनचा, म्हणजे आपल्या ओहायोचाच, टॅव्हियन सेंट क्लेअर, तो तर हायस्कूल संपवून नुकताच आलेला. सगळी चर्चा या तिघांची. पण ज्यांना काळजी होती त्यांची काळजी वेगळीच होती. डिफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीचे, चारही जण, सॉयर, टुइमोलोआऊ, टायलीक विल्यम्स, टाय हॅमिल्टन, एकदम गेले होते. ऑफेन्सिव्ह लाइनमधून, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांतून, जॉश सिमन्स आणि डोनोव्हन जॅक्सन गेले, ते दोघंही पुढे दोन आठवड्यांत एनएफएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) पहिल्या राउंडमध्ये निवडले गेले. त्यांच्या जागी कोण? राइसहून आलेला ईथन ओनियान्वा, मिनेसोटाहून आलेला फिलिप डॅनियल्स, आपला ऑस्टिन सिरेवेल्ड, कोण कुठे उभा राहणार हे काहीच पक्कं नव्हतं. डिफेन्सचा कोऑर्डिनेटर जिम नोल्स पेन स्टेटला गेला आणि मॅट पॅट्रिशिया आला, पण त्याच्या डोक्यात काय आहे ते स्प्रिंग गेममध्ये कोणी दाखवत नाही, सगळे साधेच प्ले (आखलेल्या चाली) खेळतात. तर अशा सामन्यात बघण्यासारखं काय उरतं? लाइन. नवी ऑफेन्सिव्ह लाइन विरुद्ध नवी डिफेन्सिव्ह लाइन, नऊ माणसं, साधा प्ले, कोण कोणाला मागे रेटतो.

आणि इथेच टीव्ही मला नको झाला. एक तर स्नॅप झाला की कॅमेरा बॉलच्या मागे जातो, ते हंगामातही होतं, त्याची सवय आहे. पण स्प्रिंग गेमच्या प्रक्षेपणात चालू खेळाच्या मध्ये मुलाखती घेतात. कोच मैदानावर हेडसेट लावून बोलतोय, मग एखादा माजी खेळाडू, मग जखमी असलेला कोणीतरी बाजूने, आणि हे सगळं मोठ्या चौकटीत, खेळ मात्र कोपऱ्यातल्या लहान चौकटीत. त्या लहान चौकटीत बावीस माणसं मुंग्यांएवढी दिसतात. कधी तर तीही चौकट नसते, मागच्या चॅम्पियनशिपची क्षणचित्रं चाललेली असतात आणि इकडे दोन प्ले होऊन गेलेले असतात. लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरावाला फक्त नवरा-नवरीवरच खिळलेला असतो आणि आपल्याला ज्या मावशीला बघायचंय ती एका कोपऱ्यात अर्धी दिसून गायब होते, तसलाच प्रकार. मुलाखती वाईट असतात असं नाही, कोच कधी कधी कामाचं बोलतात, पण मला ते संध्याकाळी वाचायला मिळतं. दुसऱ्या फळीचा लेफ्ट टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या डाव्या टोकाचा) मात्र संध्याकाळी कुठेच बघायला मिळत नाही. हंगामात तो मैदानात येईल तेव्हा कोणीतरी जखमी झालेलं असेल, म्हणजे त्याला नीट बघायची संधी हीच.

एका वर्षी मी सामना स्टेडियममधून बघितला आणि घरी येऊन त्याच रात्री रेकॉर्डिंगही लावलं, मुद्दाम, हेच ताडून बघायला. मी उत्तरेकडच्या वळणावर, वरच्या डेकला बसलो होतो, म्हणजे लाइन समोरून किंवा मागून दिसते, आडवी नाही. तिथून एका ड्राइव्हमध्ये (एका टीमच्या सलग प्लेंमध्ये) उजवीकडचा टॅकल सारखा बाहेरच्या बाजूने लवकर सरकत होता, बाहेरून येणाऱ्या एंडची (डिफेन्सिव्ह लाइनच्या टोकाच्या खेळाडूची) धास्ती घेतल्यासारखा, पहिल्या पावलालाच वजन बाहेरच्या पायावर. समोरच्या पोराने ते दोन-तीन स्नॅप बघितलं आणि मग बाहेर जायची हूल देऊन एक हात मारून सरळ आतून गेला. शेजारच्या गार्डला कळेपर्यंत क्वार्टरबॅकला हात लागून शिट्टी झालेली. पुढच्याच स्नॅपला तो टॅकल अर्धं पाऊल आत उभा राहिला, आणि या वेळी त्याने त्या एंडला छातीवर घेऊन थांबवलं. एका मिनिटात पोरगं शिकलं, हे मला वरून स्वच्छ दिसलं आणि फार आनंद झाला. रात्री रेकॉर्डिंगमध्ये तो भाग आला तेव्हा मोठ्या चौकटीत मुलाखत होती. शिट्टी ऐकू आली, कॉमेंटेटर म्हणाला की सॅक (क्वार्टरबॅक बॉलसकट सापडणं) धरला, आणि परत मुलाखत. संपलं. त्या टॅकलबद्दल टीव्हीवरून माझं मत काय झालं असतं? सॅक दिला, एवढंच.

शिट्टीवरून अजून एक. स्प्रिंगमध्ये क्वार्टरबॅकला पाडायचं नसतं, हात लागला की खेळ थांबतो. त्यामुळे कीनहोल्झसारखा पायांनी चपळ क्वार्टरबॅक स्प्रिंगमध्ये आहे त्यापेक्षा कमी दिसतो, खऱ्या सामन्यात तो ज्या हातातून निसटला असता तिथे इथे सॅक लिहिला जातो. सेयिनसारखा, ज्याच्या हातातून बॉल पटकन सुटतो, तो या नियमात उठून दिसतो. टीव्हीवर फक्त निकाल कळतो, स्टेडियममध्ये निदान तुम्ही स्वतः ठरवू शकता की हा खरंच सापडला असता का नुसतं बोट लागलं. पंच थोडे घाईनेच शिट्टी मारतात असं मला वाटतं, आणि ते बरोबरच आहे म्हणा, कोणाला एप्रिलमध्ये क्वार्टरबॅक जायबंदी करून घ्यायचाय. पुढे ऑगस्टमध्ये सेयिनलाच जागा मिळाली आणि ३० ऑगस्टला टेक्सासला १४-७ हरवलं ते मात्र मुख्यतः डिफेन्सच्या जोरावर, गोल लाइनवर टेक्सासला चौथ्या डाऊनला अडवलं तेव्हा मधली सगळी फळी नवी होती, ज्यांची एप्रिलमध्ये काळजी करत होतो तीच.

स्टेडियमचा दुसरा फायदा सामना सुरू व्हायच्या आधीचा, आणि हा बरेच जण सोडून देतात. लवकर जा. टीव्ही सुरू होतो तेव्हा वॉर्मअप संपत आलेलं असतं. कोच लॅरी जॉन्सनच्या हाताखाली डिफेन्सिव्ह लाइनवाली पोरं हातांचे ड्रिल करतात ते खालच्या रांगेत उभं राहून बघण्यासारखं आहे: एक पाऊल, हात खालून वर, कोपर आवळलेलं, परत तेच, परत तेच. कोणाचं पाऊल आणि हात एका वेळी पडतात आणि कोणाचा हात मागून येतो हे दहा फुटांवरून दिसतं. वजन किती, उंची किती हे आकडे मग गौण वाटतात. वॉर्मअप झाला की वर चढून जा आणि सामना वरूनच बघा, खालून लाइनचं काही कळत नाही.

खर्चाचं फार लिहीत नाही, सप्टेंबरच्या तिकिटाच्या मानाने हे तिकीट किरकोळ असतं, पेट्रोल आणि पार्किंगच जास्त वाटतं. वेळ मात्र जातो, अख्खा शनिवार. कोलंबसच्या आत राहणाऱ्याला हा प्रश्नच पडू नये असं माझं मत आहे. डेटन, क्लीव्हलंड, सिनसिनाटीवाल्यांनी थोडा विचार करावा. शिकागो किंवा न्यू जर्सीहून फक्त यासाठी या असं मी म्हणणार नाही, तिथून टीव्हीच बरा.

आणखी एक गोष्ट आता बदलली आहे, आणि ती स्टेडियमच्या बाजूने जाते असं मला वाटतं. पूर्वी स्प्रिंग गेम झाला की एप्रिलमध्ये परत ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी कॉलेज बदलायला नाव नोंदवायची सोय) उघडायचं, त्यामुळे आज ज्याला मन लावून बघितलं तो महिन्याभरात दुसऱ्या टीममध्ये, असं व्हायचं. नेब्रास्काच्या टीमचा कोच मॅट रूल याने तर २०२५ मध्ये नेहमीचा स्प्रिंग गेमच रद्द केला, टीव्हीवर आपली पोरं दिसली की बाकीचे त्यांना ऑफर देतात म्हणून. आता ते एप्रिलचं पोर्टल बंद झालंय, २०२६ पासून एकच, जानेवारीत. म्हणजे एप्रिलमध्ये जी दुसरी फळी दिसते तीच बहुतेक ऑगस्टमध्ये असणार. बघितलेलं वाया जात नाही.

तर आई-बाबा, लहान मुलं, किंवा रिसीव्हर आणि मुलाखती आवडत असतील तर टीव्ही लावा, काही बिघडत नाही. लाइनमध्ये जीव अडकला असेल तर गाडी काढा. दुर्बीण घ्या, साधी चालते, स्टेडियमच्या नियमात बसणारी पारदर्शक पिशवी घ्या, रोस्टर कागदावर छापून घ्या कारण थंडीत फोन हाताळवत नाही. बसायला उत्तरेकडचं वळण, वरचा डेक, जमेल तितकं मध्ये. आणि पहिल्या फळीचे लोक बाहेर गेले की उठू नका, बरेच जण तेव्हाच निघतात, खरं बघायचं तेव्हापासून सुरू होतं. एक टॅकल निवडा, बॉल सुटेपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवा, मग पुढच्या ड्राइव्हला गार्ड.