सिक्युरिटी एजन्सीच्या करारातलं चाव्यांचं कलम: कुठला मसुदा घ्यायचा?

सोसायटीचा सिक्युरिटीचा नाहीतर हाऊसकीपिंगचा करार रिन्यू करायची वेळ आली की मीटिंगमधला सगळा वेळ रेटवर जातो, गार्डला किती, सुपरवायझरला किती, जीएसटी धरून की वेगळा, आणि चाव्यांचं कलम कोणी वाचतसुद्धा नाही. प्लीज वाचा. पंप रूम, मीटर रूम, टेरेस, लिफ्टची मशीन रूम, क्लबहाऊस, सोसायटी ऑफिस, सगळ्यांच्या चाव्या गेटवरच्या एका बोर्डावर लटकत असतात आणि त्या बोर्डाला रात्री दोन वाजता कोण हात लावतं हे कमिटीला माहीत नसतं.

बहुतेक एजन्सी स्वतःचा छापील मसुदा देतात. त्यात चाव्यांबद्दल साधारण एकच ओळ असते, की चाव्या सोसायटीच्या सोयीसाठी ठेवल्या जातील आणि हरवल्या तर एजन्सी जबाबदार नाही. माझ्या मते यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं, कारण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे वस्तू ज्याच्याकडे सांभाळायला दिली त्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायलाच हवी. करार गप्प असला तरी हा आधार आपल्याकडे राहतो, मग आपणच सही करून तो कमकुवत कशाला करायचा? ती ओळ खोडून घ्या, एजन्सी सहसा फार ताणत नाही.

आता दुसरं टोक. अमेरिकेत सरकारी इमारतींच्या सफाई-देखभालीच्या करारांत चाव्यांचं एक ठरलेलं कलम असतं आणि ते फार कडक आहे, पण शिकण्यासारखं आहे. चावी म्हणजे कार्डसुद्धा, डुप्लिकेट काढायची नाही, हरवली तर लगेच कळवायचं, कंत्राटदाराच्या कामगारांशिवाय कोणी वापरायची नाही, आणि एखाद्या खोलीत काम नसलेल्या माणसासाठी कामगाराने ती खोली उघडून द्यायची नाही. साधी चावी हरवली तर त्या खोलीचं कुलूप बदलण्याचा खर्च कंत्राटदारावर, आणि सरकारने स्वतः बदललं तर ती रक्कम महिन्याच्या बिलातून वजा. मास्टर चावी, म्हणजे एकीनेच बरीच कुलुपं उघडणारी, हरवली तर त्या सिस्टीममधली सगळी कुलुपं बदलतात आणि तो सगळा खर्च कापला जातो. यातलं 'बिलातून वजा' हे मला सगळ्यात कामाचं वाटतं. भरपाई मागत कोर्टात कोण जाणार, पण पुढच्या महिन्याचं बिल आपल्याच हातात असतं.

आपल्याकडे काही कमिट्या याच्या जागी मोठा दंड लिहून मोकळ्या होतात, चावी हरवल्यास ५०,००० वगैरे. तो लगेच मिळेल असं धरू नका. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते आणि कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं. त्यापेक्षा कुलूप आणि चावीवाल्याची मजुरी, बिल दाखवून कापायची, असं लिहिलं की वादाला जागा कमी. आणि सोबत एक वाक्य नक्की घाला, की ही रक्कम एजन्सीने स्वतः सोसायची, गार्डच्या पगारातून कापायची नाही. १२ तासांची ड्युटी करणाऱ्या माणसावर हे ढकललं की तो चावी हरवल्याचं लपवणारच, आणि आपल्याला ते कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

तिसरा मार्ग म्हणजे चाव्या एजन्सीला द्यायच्याच नाहीत, सेक्रेटरी आणि अजून एका मेंबरकडे ठेवायच्या. १५-२० फ्लॅटची बिल्डिंग, एकच वॉचमन, तर हेच करा, करारात पानभर कलमं घालायची गरज नाही. फक्त पंप रूमची चावी खाली लागतेच आणि टेरेसचीही, कारण आग लागली आणि चावी असलेला मेंबर गावाला गेलेला असला तर काय करणार? मोठ्या कॉम्प्लेक्समधे, जिथे सिक्युरिटी वेगळी, हाऊसकीपिंग वेगळं आणि लिफ्टवाले वेगळे, तिथे हा मार्ग दोन दिवसही टिकत नाही, तिथे अमेरिकन नमुन्याचं कलम थोडं सैल करून घ्या.

कलम कुठलंही घेतलं तरी रजिस्टर कराराचा भाग करा. चावी कोणी नेली, किती वाजता, कशाला, परत कधी आली, सही. शिफ्ट बदलताना चाव्या मोजून दोघांची सही, एवढं जरी रोज झालं तरी हरवलेली चावी त्याच दिवशी कळते. चावीच्या टॅगवर 'बी विंग टेरेस' असं लिहू नका, नंबर टाका आणि नंबरांची यादी ऑफिसमधे ठेवा, म्हणजे चावी रस्त्यात पडली तरी उचलणाऱ्याला ती कुठली ते कळणार नाही. लिफ्टचं दार बाहेरून उघडायची ती वेगळी चावी मात्र ट्रेनिंग झालेल्या माणसाच्याच हातात जाईल असं स्पष्ट लिहा, लिफ्ट मजल्यावर नसताना कोणी दार उघडलं तर समोर सरळ खड्डा असतो.

लोकांच्या फ्लॅटच्या चाव्या हा वेगळाच विषय. कामवाल्या मावशींसाठी म्हणून गेटवर चावी ठेवायची सवय बऱ्याच घरांना आहे. एजन्सीच्या करारात स्पष्ट लिहा की गार्डने फ्लॅटची चावी अशी नुसती घ्यायची नाही. ज्यांना ठेवायचीच आहे त्यांच्यासाठी बंद पाकीट, पाकिटाच्या जोडावर मालकाची सही, आणि मालकाचा फोन आल्याशिवाय फोडायचं नाही.

आणि करार संपतानाचं विसरू नका. यादीप्रमाणे सगळ्या चाव्या मोजून परत आल्याशिवाय शेवटचं बिल द्यायचं नाही. तरीही एजन्सी बदलली की पंप रूम, मीटर रूम आणि ऑफिसची कुलुपं सोसायटीने स्वतःच्या खर्चाने बदलून टाकावीत, परत आलेल्या चावीची कॉपी बाहेर राहिली का हे कुठलंच रजिस्टर सांगत नाही.